अर्ध्या गुंजेची दारू

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एका खोक्यातले दहा भुईनळे ओळीनं मांडले. पहिला पुरुषभर उंच उडाला. दुसरा गुडघ्यापर्यंत येऊन थबकला. तिसरा नुसताच फुसफुसला आणि चौथ्यानं पेट घेताच भसकन सगळी दारू एका दमात संपवून टाकली. खोकं एक, छाप एक, किंमत एक, आणि दहांत दोन सारखे नाहीत. खालच्या मजल्यावरचा मुलगा रायफल नेमबाजी करतो. तो शांतपणे म्हणाला, "काका, लॉट बरा नाही."

हा शब्द माझ्या डोक्यात बसला. त्याच्या दहा मीटरच्या रायफलीत तर दारू नसतेच, छर्रा दाबलेल्या हवेवर उडतो. तरीही छर्ऱ्याच्या डबीवरचा लॉट क्रमांक तो औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचावी तसा वाचतो. मग ज्या रायफलीत खरोखरची दारू असते, तिथे ती निवडायची कशी? कोण निवडतं? छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्या माणसानं या प्रश्नाचा पाठपुरावा करायचा तर सुरुवात कुठून करायची, हे विचारावं लागत नाही. पंधरा किलोमीटरवर दौलताबाद आहे.

*

चिनी महालाजवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं घडवलंय, म्हणून हे नाव. अंगावरच्या फार्सी लेखात तिचं दुसरं नाव आहे, किला शिकन, म्हणजे किल्ला फोडणारी. सोबत औरंगजेबाचे किताब आहेत. पर्यटक तिच्या तोंडात हात घालून फोटो काढतात आणि पुढे जातात. मी मात्र त्या दिवशी मागच्या बाजूला वाकून, बत्ती द्यायचं छिद्र शोधत बसलो. अवाढव्य धातूच्या धुडात ते एवढंसंच असतं. त्यातून ठिणगी आत जाते आणि पुढचं सगळं आतल्या दारूच्या स्वभावावर अवलंबून राहतं.

मराठीनं या धंद्यातले शब्द जपून ठेवले आहेत, आपणच त्यांचा मूळ अर्थ विसरलो. गोलंदाज म्हणजे तोफ डागणारा. आज तो क्रिकेटच्या मैदानावर चेंडू टाकतो. बार म्हणजे एका वेळी ठासायची दारू. तो 'उडतो' तेव्हा आपल्याला लग्न आठवतं. 'दारूकाम' शोभेचं आणि 'दारूगोळा' लढाईचा. नुसती 'दारू' म्हटली की काय समजायचं ते ऐकणाऱ्यावर सोडलेलं.

या दारूचे तीन घटक सगळ्यांना ठाऊक आहेत : सोरा, गंधक, कोळसा. पण नुसती तीन चूर्णं एकत्र केली की काम भागत नसे. बैलगाडीच्या धक्क्यांनी घटक वेगवेगळे होत आणि पिंपाच्या वरची दारू एक, तळाची दुसरी, असा प्रकार होई. यावर तोड निघाली ती मिश्रण ओलं करून, दाबून, चाळणीतून पाडून वाळवण्याची. दारू दाणेदार झाली. प्रत्येक दाण्यात तिन्ही घटक जागच्या जागी बांधले गेले. शिवाय आता दाण्याचा आकार हातात आला. दारू पृष्ठभागावरून जळते, त्यामुळे बारीक दाणा झपाट्यानं जळतो आणि जाड दाणा सावकाश. तोफेला जाड दाणा, बंदुकीला त्याहून बारीक, कानात, म्हणजे बत्तीच्या छिद्रात, भरायला सर्वांत बारीक. रव्याचे तीन प्रकार असावेत तसं. शिऱ्याला कोणता आणि लाडवाला कोणता, हे घरच्या बाईला सांगावं लागत नाही. तोफखान्यातल्या जाणत्यालाही सांगावं लागत नसणार.

*

आपल्या भागात ही निवड पूर्णपणे इतिहासजमा झालेली नाही. कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर दिलेली ठासणीची बंदूक अजून भेटते. रानडुकरं आणि वानरं उभं पीक उद्ध्वस्त करतात, म्हणून तो परवाना. त्या बंदुकीचा मालक आपला बार दर वेळी स्वतःच बांधतो : नळीच्या तोंडातून मापानं दारू, त्यावर बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि गजानं ठासणं. माप म्हणजे बहुधा एखादं ठरलेलं टोपण. परदेशात ज्याला 'हँडलोडिंग' म्हणून मोठा छंद मानतात, त्याचा आपल्याकडचा हा थेट पूर्वज.

टोपणाच्या मापात एक शहाणपण आहे. बार जास्त झाला तर खांद्याला धक्का बसतो, नळीला धोका होतो, आणि छर्रे जास्त पसरतात. कमी झाला तर डुक्कर नुसतं मान वळवून बघतं. जोरदार बार म्हणजे चांगला बार, ही समजूत पहिल्या पावसाळ्यातच गळून पडते. मग त्या माणसाचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर जातं : कालच्यासारखाच आजचा बार बसला पाहिजे.

नेमकी हीच गोष्ट पुढे शास्त्र झाली.

*

1884 साली पॉल विएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं बिनधुराची दारू तयार केली. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळून वायू न होता घन अवशेष म्हणून उरतो. तोच धूर, तीच नळीतली काजळी. विएलची दारू नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे आम्लांची प्रक्रिया केलेल्या कापसासारख्या तंतूंची. ती जवळपास सगळीच वायू होते. पाच वर्षांनी, 1889 मध्ये, इंग्रजांनी आपली 'कॉर्डाइट' काढली. त्यात नायट्रोग्लिसरीन आणि थोडी पेट्रोलियम जेलीही होती. हा लगदा छिद्रांतून दाबून लांबलचक दोऱ्यांसारखा काढत, म्हणून कॉर्ड, म्हणून कॉर्डाइट. आपल्या डोळ्यांना तो प्रकार ओळखीचा आहे. सोऱ्यातून शेव पडावी तसा.

हिंदुस्थानात कॉर्डाइटचा कारखाना निलगिरीतल्या अरुवनकाडूला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभा राहिला. महाराष्ट्रात त्याआधीच, 1869 मध्ये, पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला होता. इथे संभाजीनगरकराला थोडं थबकावंसं वाटतं, कारण मलिक अंबरानं 1610 मध्ये वसवलेल्या आपल्या शहराचंही मूळ नाव खडकीच. एका खडकीच्या उशाला किला शिकन, दुसऱ्या खडकीत काडतुसं.

माझ्या टेबलावर थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या काडतुसाचं एक रिकामं, पितळी टोपण पेपरवेटसारखं पडलेलं असतं. उलटं करून पाहिलं की बुडावर बारीक 'के एफ' अशी अक्षरं. म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली खडकी. अशा टोपणात कॉर्डाइटच्या शेवयांची जुडी उभी भरलेली असे. वजन साधारण 37 ग्रेन, म्हणजे सोनाराच्या भाषेत जवळपास अडीच मासे. अडीच माशांची ती जुडी पेटली की सव्वाअकरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सातशे मीटरहून जास्त वेगानं नळीबाहेर पडे. कॉर्डाइट जळताना फार तापे आणि नळ्या लवकर झिजवे. म्हणून पुढे बऱ्याच ठिकाणी निव्वळ नायट्रोसेल्युलोजच्या दारूनं तिची जागा घेतली.

ही नवी दारू म्हणजे बारीक काड्या. सोऱ्यातून काढलेल्या, मग कापलेल्या. प्रत्येक काडीच्या पोटात आरपार एक सूक्ष्म भोक असतं. ते का असतं, हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. काडी बाहेरून जळत बारीक होत जाते, म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग घटतो. त्याच वेळी आतलं भोक जळत रुंद होत जातं, म्हणजे आतला पृष्ठभाग वाढतो. घट आणि वाढ एकमेकांना सांभाळून घेतात आणि काडी शेवटपर्यंत जवळपास सारख्याच दमानं जळते. वर एक मंद जळणारा लेप असतो, त्यामुळे सुरुवातीचा भडका आवरतो. त्यावर ग्राफाइटचा हात, म्हणून काड्या काळ्या चकचकीत दिसतात, एकमेकींना चिकटत नाहीत आणि स्थिर विजेची ठिणगीही टळते. आमच्या भुईनळ्यांना जे जमलं नाही, ते या मिलिमीटरभराच्या काडीत कोरून ठेवलेलं आहे.

*

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, फिनलंड अशा देशांत हजारो नेमबाज स्वतःची काडतुसं घरी भरतात. एकदा उडालेलं पितळी टोपण साफ करायचं, पुन्हा मापात आणायचं, बुडाला नवी टोपी बसवायची, दारू भरायची, वर गोळी दाबायची. टोपण, टोपी, दारू, गोळी या चार वस्तूंपैकी सर्वांत जास्त वाद दारूवरून होतात.

पहिला प्रश्न वेगाचा. गोळी जड असेल आणि टोपणाच्या पोटाच्या मानानं नळी अरुंद असेल, तर सावकाश जळणारी दारू हवी. ती गोळीला नळीभर ढकलत नेते. गोळी हलकी आणि टोपण लहान असेल तर चपळ दारू. उलटसुलट केलं की एकीकडे गोळी रेंगाळते, दुसरीकडे दाब धोक्याच्या वर जातो. म्हणून दारूचे कारखाने आपापली कोष्टकं छापतात आणि शहाणा माणूस कोष्टकातल्या सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरुवात करतो.

दुसरा प्रश्न पोट भरण्याचा. टोपण अर्धवट भरलं तर दारू कधी पुढे सरकते, कधी मागे राहते. टोपीची ठिणगी दर वेळी तिला वेगळ्या जागी गाठते. म्हणून टोपण जवळपास भरेल अशीच दारू पसंत करतात.

तिसरा प्रश्न मोजण्याचा. गोल दाण्यांची दारू मापातून मोहरीसारखी ओघळते, लांब काड्यांची अडखळते. तरीही लांब पल्ल्याचे पुष्कळ नेमबाज काड्यांची दारूच घेतात आणि प्रत्येक बार तराजूवर तोलतात. एका काडीचं वजन साधारण ग्रेनचा पन्नासावा भाग. काही जण चिमट्यानं एकेक काडी टाकतात किंवा काढतात. दिवाळीत काजू-बदामाचा हिशेब ठेवणाऱ्या आज्यांना ही माणसं आवडतील.

चौथा प्रश्न उन्हाचा, आणि मराठवाड्यातल्या माणसाला तो सांगायला नको. डिसेंबरच्या सकाळी दहा अंश, मे महिन्याच्या दुपारी बेचाळीस. गरम दारू जास्त झपाट्यानं जळते, दाब वाढतो, गोळीचा वेग वाढतो, आणि हिवाळ्यात साधलेला नेम उन्हाळ्यात वर जातो. म्हणून तापमानाला कमी बधणाऱ्या दारू निघाल्या. ऑस्ट्रेलियात मुलवाला इथल्या कारखान्यात होणारी आणि अमेरिकेत हॉजडन विकते ती 'वारगेट' अशांपैकी एक. फिनलंडच्या विहतावुओरीच्या दारूंचंही नाव नेमबाज आदरानं घेतात. ब्रूस हॉजडन या माणसानं हा व्यवसाय उभारला तो दुसऱ्या महायुद्धातून उरलेली सरकारी दारू घाऊक घेऊन, टपालानं लहान गिऱ्हाइकांना विकून. त्यातली '4895' ही मुळात अमेरिकी सैनिकांच्या गॅरंड रायफलीची दारू. तिचं नाव अजून टिकून आहे.

मुद्दाम एक हिशेब मांडला. एक हजार यार्डांवर गोळीचा वेग सेकंदाला दहा मीटरनं इकडेतिकडे झाला तर निशाणा वीतभर तरी वरखाली होतो. हात स्थिर, श्वास आवरलेला, वारा ओळखलेला, आणि वीतभराचं अंतर मात्र दारूनं घालवलेलं. म्हणून हे लोक प्रत्येक गोळीचा वेग यंत्रानं मोजतात. सर्वांत मोठा आकडा दाखवणाऱ्या दारूकडे कुणी वळून बघत नाही. दहा गोळ्यांचे दहा आकडे एकमेकांना खेटून आले की तिथेच थांबतात.

*

भारतात मात्र हे घरच्या टेबलावर करता येत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसं बनवणं म्हणजे दारूगोळ्याची निर्मिती, आणि तिला परवाना लागतो. स्फोटकांचा कायदा तर 1884 चा, म्हणजे विएलच्या दारूच्याच वर्षाचा. त्याचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. ही काटेकोरी का, हे महाराष्ट्राला माहीत आहे. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत 24 जानेवारी 2025 रोजी स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. दारू कधीच सवयीची होऊ द्यायची नसते.

तरी आपल्याकडे नेमबाजी आहे, आणि तिच्या मुळाशी मराठी नाव आहे. 1951 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती. राष्ट्रीय स्पर्धेची पायरी असलेली 'मावळंकर' स्पर्धा त्यांच्या नावानं ओळखली जाते. त्या पायऱ्या चढून कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात जागतिक सुवर्ण घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांनी कांस्य जिंकलं.

50 मीटरच्या रायफलीत पॉइंट टू-टूचं काडतूस असतं. त्याच्या बुडाच्या कडेतच पेट घेणारा मसाला भरलेला असतो, त्यामुळे ते एकदा उडालं की संपलं. पुन्हा भरायची सोयच नाही. गोळी 40 ग्रेनची आणि तिच्यामागे दारू फक्त एक-सव्वा ग्रेन, म्हणजे अर्ध्या गुंजेहून थोडीशी अधिक. निशाणाच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर. इथेही हिशेब केला. नळीतून निघालेली गोळी 50 मीटर जाईपर्यंत सुमारे बारा सेंटिमीटर खाली येते. वेग सेकंदाला दहा मीटरनं कमी झाला तर आणखी सात-आठ मिलिमीटर खाली. दहाचं वर्तुळ तेवढ्यात हातचं जाऊ शकतं. अर्ध्या गुंजेतला किंचितसा फरक पदकाच्या आड येऊ शकतो.

भरता येत नसेल तर करायचं काय? निवडायचं. एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कारखान्यांची एकाच नावाची काडतुसं वेगवेगळ्या लॉटमध्ये निघतात. यंत्र तेच, कृती तीच, तरी दारूचा, मसाल्याचा, शिशाचा एखादा कण इकडेतिकडे होतोच. अव्वल नेमबाज आपली रायफल घेऊन कारखान्याच्या चाचणी केंद्रात जातात. तिथे ती शिकंज्यात आवळतात, म्हणजे माणसाच्या हाताची थरथर हिशेबातून बाद. मग एका लॉटच्या दहा गोळ्या, दुसऱ्याच्या दहा, तिसऱ्याच्या दहा. भोकं जिथे एकमेकांत मिसळून एकच खळगा होतात, तो लॉट आपला, आणि परवान्यात बसेल तेवढा उचलायचा. गंमत अशी की शेजारच्या नेमबाजाच्या रायफलीला तोच लॉट मानवेलच असं नाही. पत्रिका जुळवून घ्यावी लागते, आणि इथे ती खरोखर जुळते की नाही हे कागदावर दिसतं.

*

या सगळ्यात मला आज्ञापत्र आठवत राहिलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं ओळखला जाणारा, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला तो राजनीतीचा मराठी ग्रंथ. त्यात गडावरच्या दारूखान्याविषयी बजावलंय : तो राहत्या घराजवळ नसावा, तळघर करून दारू त्यात ठेवावी, तिला ओल लागू देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचं, हवालदारानं दर आठ-पंधरा दिवसांनी येऊन ती बाहेर काढावी, ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. त्या तरतुदीत शौर्याचा एक शब्द नाही. एक कंटाळवाणं, वेळापत्रकाचं काम आहे, आणि ते चुकलं तर ऐन प्रसंगी तोफ फुसकी निघणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे.

दौलताबादहून परतल्यावर मी शहरातल्या सराफ्यात एका ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याच्याकडे आजोबांच्या काळची पितळी डबी आहे, तीत गुंजा. लाल, काळ्या डोळ्याच्या. मी दहा गुंजा त्याच्या इलेक्ट्रॉनिक तराजूवर एकेक करून ठेवल्या. रानातून कुणी पिशवीभर आणून दिल्या तर त्यांत प्रत्येकीचं वजन वेगळं निघतं, हे मला माहीत होतं. या दहाही मात्र 0.12 ग्रॅमवर येऊन थांबल्या. मी चकित होऊन पाहिलं. तो हसला. आजोबा पावसाळ्यात, धंदा मंद असताना, शेकडो गुंजा तोलून बघायचे, म्हणाला. सारख्या भरतील तेवढ्या या डबीत. बाकीच्या पोरांना खेळायला.

मी त्या दहांतली एक उचलून तळहातावर ठेवली. अर्ध्याहून थोडी अधिक, एवढीच दारू.